गावाचं काय झालं मग?

क्वांटम ऑफ सोलेस हा जेम्स बॉन्डचा पिक्चर मी पहिल्यांदा बघितला तो नोव्हेंबर २००८ मध्ये, पुण्यात, मामेभावासोबत, रात्री दहाच्या शोला. बाहेर पडून पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो. शेवटी त्यानेच किक मारता मारता विचारलं, "तुला कळला का रे?" आणि मी म्हटलं, कळला, पण काही पोचलं नाही.

हे वाईट वाटणं समजायचं तर त्याच्या दोन वर्षं मागे जायला लागेल. २००६ ला ह्याच्या आधीचा बॉन्डपट, कसिनो रोयाल, बघून आम्ही असेच मध्यरात्री बाहेर पडलो होतो आणि स्टेशनजवळ चहा पीत दीड-दोन तास फक्त त्या एका पिक्चरवर बोलत बसलो होतो. लहानपणापासून केबलवर हिंदी डबिंगमध्ये बघितलेला बॉन्ड म्हणजे आमच्यासाठी घड्याळातून निघणारी तार आणि पाण्याखाली जाणारी गाडी. आणि इथे हा डॅनियल क्रेग, शॉवरखाली कपड्यांसकट बसलेल्या व्हेस्परच्या, म्हणजे जिच्यावर त्याचा जीव जडतो तिच्या, शेजारी स्वतः पण तसाच भिजत बसतो, काही बोलत नाही. ती नंतर बुडून मरते, आणि हा जे काही वाटतंय ते सगळं गिळून टाकतो. चव्वेचाळीस वर्षं चाललेल्या मालिकेत असं क्वचितच झालं होतं की पिक्चर संपल्यावर आम्हाला वाटावं, आता ह्या माणसाचं काय होणार. त्याची गाडी कुठली असेल ह्याच्याशी काही घेणंदेणं नाही, त्याचं काय होणार.

आणि पुढचा भाग, म्हणजे क्वांटम, त्या गोष्टीनंतर अगदी काही वेळानेच सुरू होतो. बॉन्डपटात असं कधी केलं नव्हतं, प्रत्येक वेळी पाटी कोरी असायची. म्हणजे आम्ही दोन वर्षं जो प्रश्न घेऊन फिरत होतो त्याचंच उत्तर देणार होते ते. म्हणून लागलं.

सुरुवात गार्डा लेकच्या कडेच्या बोगद्यातल्या पाठलागाने होते. सुंदर जागा आहे, खाली निळं पाणी, वर डोंगरात कोरलेला रस्ता, आणि त्यातलं तुम्हाला जवळजवळ काहीच दिसत नाही. चाक, डोळा, गियर, काच, ट्रक, परत चाक. कोण कोणाच्या मागे आहे, किती अंतर आहे, कशाने कोण वाचलं, हे डोक्यात बसायच्या आत पुढचा तुकडा येतो. कसिनो रोयालमधला तो क्रेनवरचा पाठलाग आठवा, तो पळणारा माणूस भिंतीवरून कसा उडी मारतो आणि बॉन्ड सरळ भिंत फोडून कसा येतो, त्यात दोघांचे स्वभाव कळायचे. त्याचा दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल, त्याने आपल्याला बघायला वेळ दिला होता. इथे सेकंड युनिट डायरेक्टर, म्हणजे मारामारी-पाठलाग टिपणाऱ्या वेगळ्या टीमचा दिग्दर्शक, होता डॅन ब्रॅडली, जेसन बॉर्न ह्या स्मृती गेलेल्या हेराच्या पिक्चर्सवर काम केलेला, आणि त्या काळात बॉर्नचं वारं सगळ्यांनाच लागलं होतं. पण बॉर्नला ती धांदल शोभायची कारण तो माणूसच स्वतःला हरवून बसलेला होता. बॉन्ड हरवलेला नाहीये, त्याला दुखतंय. दुखणाऱ्या माणसाकडे जरा वेळ बघत राहावं लागतं.

सिएनाचंही तेच. तिथली पालियो म्हणजे गावच्या मधल्या चौकात होणारी घोड्यांची शर्यत, जुलैत आणि ऑगस्टमध्ये अशी वर्षातून दोनदा. शूटिंग सुरू व्हायच्या आधीच, २००७ च्या ऑगस्टला त्यांनी खरी शर्यत जाऊन टिपून ठेवली होती. एवढी मेहनत, आणि ती शर्यत दिसते किती, तर जमिनीखालच्या पाठलागाच्या मधेमधे घोड्याचं एखादं नाक, एखादी टाच. ज्याने कोणी बैलगाडा शर्यत घाटात उभं राहून बघितली असेल त्याला माहितीये, शर्यतीतली मजा धूळ उडायच्या आधीच्या त्या शांततेत असते.

एकशे सहा मिनिटं. सगळ्या मालिकेतला सगळ्यात छोटा बॉन्डपट, तोपर्यंतचा आणि त्यानंतरचाही. आधीचा एकशे चव्वेचाळीस मिनिटांचा होता. मला सारखं वाटत राहतं की मधली जी अडतीस मिनिटं गेली, पिक्चर त्यातच होता.

नंतर वाचत गेलो तसं कळलं की झालं काय होतं. ५ नोव्हेंबर २००७ ला हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला. पटकथा लिहिणाऱ्या पॉल हॅगिसने आपला मसुदा संप सुरू व्हायच्या जेमतेम दोन तास आधी दिला. फेब्रुवारीच्या १२ तारखेपर्यंत संप चालला आणि इकडे जानेवारीतच कॅमेरा सुरू झालेला, कारण रिलीजची तारीख ठरलेली होती. मग सेटवर सीन दुरुस्त करायला कोणी लेखक नाही. क्रेगने काही वर्षांनी मुलाखतीत सांगितलं की हातात कथेचा नुसता सांगाडा होता, दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर आणि तो स्वतः बसून सीन लिहित होते, आणि आपण काही लेखक नाही, असं परत कधी होऊ द्यायचं नाही. मला हे वाचून त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. आणि लेखकांचं चुकलं असं मला एक क्षणही वाटलं नाही. उलट मला हा पिक्चर लेखक लागतो कशाला ह्याचा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. दोनशे मिलियन डॉलरच्या वर पैसे आहेत, इटली आहे, पनामा आहे, चिली आहे, ऑस्ट्रिया आहे, जगातला सगळ्यात चांगला बॉन्ड आहे, आणि टेबलाशी बसून "थांबा, इथे ती काय बोलेल?" असं विचारणारं कोणी नाही.

नाव पण बघा ना. तेव्हा सगळीकडे ह्या नावाला हसत होते, काय हे नाव म्हणून. मला ते नाव मनापासून आवडतं. इयन फ्लेमिंगची त्याच नावाची गोष्ट आहे, १९६० च्या कथासंग्रहात. तिच्यात ना हेरगिरी ना गोळीबार. बहामाजला गव्हर्नरच्या घरी जेवण झाल्यावर गव्हर्नर बॉन्डला एका सरकारी नोकराच्या मोडलेल्या संसाराची हकिगत सांगतो. त्याचं म्हणणं असं की दोन माणसांमध्ये एक किमान माया, किमान दिलासा शिल्लक असेल तोवर सगळं निभावतं, पण ते माप शून्यावर आलं की संपलं, मग माणूस समोरच्याशी कितीही क्रूर होऊ शकतो. सोलेसचं क्वांटम म्हणजे ते माप. व्हेस्परने फसवलं की वाचवलं हे न कळलेल्या माणसाच्या गोष्टीला ह्याच्याहून योग्य नाव नाही. फक्त ती गोष्ट पिक्चरने सांगायला हवी होती.

आणि मधूनमधून सांगतो पण, म्हणून तर जास्त चुटपुट लागते. विमानातला सीन आहे. रात्र, सगळे झोपलेत, बॉन्ड बारपाशी एकटा बसलाय. त्याचा जुना सोबती, म्हातारा मॅथिस येतो, म्हणजे जियानकार्लो जियानिनी, काय चेहरा आहे त्या माणसाचा. तो विचारतो काय पितोयस, तर बॉन्ड म्हणतो माहीत नाही, आणि बारमनलाच विचारतो मी काय पितोय म्हणून. बारमन सगळी कृती सांगतो, जिन इतकी, व्होडका इतकी, लिंबाची साल. आणि सहा झालेत म्हणतो. आधीचा पिक्चर बघितलेल्याला माहीत असतं की ह्या ड्रिंकला बॉन्डनेच नाव दिलं होतं, व्हेस्पर. ते नाव त्याच्या तोंडातून निघत नाही. बस. कोणी रडत नाही, कुठे व्हायोलिन वाजत नाही. मी हा सीन कितीदा तरी बघितलाय.

दुसरा ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंझचा. लेक कॉन्स्टन्सच्या पाण्यावर तरंगतं स्टेज, त्यावर एक अवाढव्य डोळा, आणि तोस्का हा ऑपेरा चालू. हजारो लोकांच्या मधे बसून ती गुप्त टोळी कानातल्या बटनांवरून मीटिंग करतीये. बॉन्ड एक बटन मिळवतो, वरून सगळं ऐकतो, आणि मधेच बोलतो की तुम्ही लोकांनी भेटायला जरा बरी जागा शोधायला हवी. घाबरून एकेक जण उठतो आणि उठला की ह्याच्या कॅमेऱ्यात सापडतो. त्या टोळीतला मिस्टर व्हाइट तेवढा उठत नाही, शांत बसून राहतो. ह्या सगळ्या पिक्चरमध्ये मला सगळ्यात हुशार वाटलेली गोष्ट म्हणजे तो न उठणारा म्हातारा. त्यानंतरच्या पळापळीत गोळ्यांचे आवाज बंद करून नुसतं संगीत ठेवलंय, ते पण सुंदर.

आता पाण्याकडे येतो, कारण खरं मला त्याबद्दलच लिहायचंय आणि बाकीचं लिहिता लिहिता लांबलं.

मी लातूरचा. २००८ ला हे पिक्चर बघताना मी लातूरचा असल्याचा त्याच्याशी काही संबंध आहे असं मला वाटलं नव्हतं. खलनायक डॉमिनिक ग्रीन, वरून पर्यावरणवाला, ग्रीन प्लॅनेट नावाची संस्था, जंगलं वाचवा वगैरे भाषणं करणारा, आणि आतून बोलिव्हियात एका जनरलला सत्तेवर बसवून बदल्यात वाळवंटाचा एक तुकडा मागणारा. सगळ्यांना वाटतं तिथे तेल असणार, सीआयएला पण तेच वाटतं. निघतं पाणी. तेव्हा थिएटरात आमच्या मागे कोणीतरी म्हणालं होतं, एवढंच? मला पण थोडं तसंच वाटलं होतं हे आता कबूल करायला जड जातं. बॉन्डचा व्हिलन म्हटलं की अणुबॉम्ब, उपग्रह, जग बुडवणं. पाणी अडवणारा माणूस म्हणजे आपल्या तालुक्यातला कोणीतरी वाटतो.

मग २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये शहरात पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावली, १४४ कलम, पाण्यासाठी. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर, आणि शहराची वस्ती चार लाखांच्या घरात. हिशोब कोणीही करावा. टीव्हीवर सगळ्या देशाने ती गाडी बघितली. मी तेव्हा सुट्टी काढून घरी गेलो होतो, आईचे गुडघे दुखत होते आणि घागरी उचलायला घरात कोणी नव्हतं. नळाला महिना झाला पाणी नाही. टँकर यायचा तो आठ-दहा दिवसांनी आणि वेळ काही सांगून नाही, रात्री दोनला पण. त्यामुळे कोणीतरी जागं राहायचंच. मी आणि बाबा जागे राहायचो. मी लॅपटॉपवर जुने पिक्चर लावायचो, बाबा शेजारी बाजेवर पडून अर्धे डोळे उघडे ठेवून बघायचे. बाबांना इंग्रजी येत नाही. बॉन्ड त्यांना माहीत होता तो ऑक्टोपसीपुरता, उदयपूर, कबीर बेदी आणि आपला विजय अमृतराज असलेला, तो त्यांनी कॉलेजात असताना औरंगाबादला बघितला होता.

त्या रात्री मी क्वांटम लावला. बॉन्ड आणि कॅमिल, म्हणजे त्याच्यासोबत असलेली पिक्चरची नायिका, एका खटारा विमानातून पळतायत इथवर आलो आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. पॉज केलं. पुढचा पाऊण तास पाइप, घागरी, बादल्या, शेजारच्या काकूंचं टिपाड आधी की आमचं आधी, घरटी दोनशे लिटर, शेवटची धार बारीक झाल्यावर ड्रायव्हरने पाइप उभा धरून झटकला ते पाणीसुद्धा आईने परातीत धरलं. मग परत येऊन बसलो. बाबांची लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

पुढे काय होतं की ते दोघं विमानातून उडी मारतात आणि जमिनीतल्या एका मोठ्या खड्ड्यात पडतात. त्यातून चालत चालत जातात तर आत पाणी. जमिनीच्या पोटात बांध घालून ग्रीनने गावागावांचं पाणी कोंडून ठेवलंय.

बाबा उठून बसले. "आरं, हे धरण हाय की."

मी म्हटलं, हो, त्या माणसाने अडवलंय, आता तोच विकणार.

"आन् खालची गावं?"

आणि तेव्हा ते दिसलं, जे २००८ ला माझ्या डोळ्यासमोरून निघून गेलं होतं. एक गाव आहे. उन्हात माणसं, बायका, पोरं भांडी घेऊन उभी आहेत. धार बारीक होते, थेंब थेंब, आणि थांबते. कोणी काही बोलत नाही, नुसती वर बघतात. काही सेकंदांचा शॉट. बाबा इतक्या जवळ वाकले की स्क्रीनचा उजेड त्यांच्या चष्म्यात दिसत होता. त्या बाईने कॅन कसा धरलाय ते त्यांनी मला दाखवलं, दोन्ही हातांनी, तोंड वर करून, धार थांबल्यावर पण तसाच. परत मागे घे म्हणाले. मी घेतलं. तीन वेळा बघितलं आम्ही ते.

आणि पिक्चर पुढे निघून जातो. परत हॉटेल, परत गोळीबार.

हे काही कोणी हवेतून काढलेलं नव्हतं. बोलिव्हियात कोचाबांबा शहरात हे खरंच झालंय. १९९९ ला तिथलं पाणी एका परदेशी कंपन्यांच्या गटाला चालवायला दिलं, बिलं एकदम वाढली, लोक रस्त्यावर आले, गोळीबारात सतरा वर्षांचा एक पोरगा गेला, आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला तो करार रद्द करावा लागला. पिक्चरमध्येही ग्रीन जनरलसमोर कागद टाकतो, देशाचं साठ टक्क्यांहून जास्त पाणी आता माझ्या ताब्यात आहे, भाव मी सांगेन तो. जनरल चिडतो आणि सही करतो. ह्याच्याइतका खरा खलनायक बॉन्डला मिळाला नव्हता असं माझं ठाम मत आहे. माथ्यू आमाल्रिकने तो केलाय पण अगदी साधा माणूस म्हणून, ना चेहऱ्यावर व्रण ना मांडीवर मांजर, नुसते ते डोळे. लोकांना तो फिका वाटला. असे लोक फिकेच दिसतात. मीटिंगला समोर बसले तर लक्षात पण राहत नाहीत.

ते वाळवंट बोलिव्हियाचं नाहीच, ते शूटिंग चिलीच्या अटाकामात झालं. ती जमीन १८७९ ला सुरू झालेल्या युद्धाच्या आधी बोलिव्हियाची होती, त्या युद्धात त्यांचा समुद्रकिनाराच गेला, अजून ती जखम ओली आहे. तर शूटिंग चालू असताना चिलीतल्या त्या भागाचा महापौर रागाने गाडी घेऊन थेट सेटवर घुसला होता, आमच्या गावाला बोलिव्हिया का म्हणता म्हणून. बातमी विचित्र किस्सा म्हणून छापून आली. मला त्या माणसाचा राग समजतो. तुमच्या गावाचं उजाडपण कोणीतरी येऊन नुसतं पार्श्वभूमीला वापरतं आणि निघून जातं, त्याचा राग येतोच. २०१६ ला आमच्याकडेही कॅमेरे आले होते, रेल्वेपाशी उभे राहिले, आणि पाऊस पडायच्या आधीच गेले.

माझी ह्या पिक्चरबद्दलची तक्रार सगळी मिळून हीच आहे. नुसता वाईट असता तर मी सोडून दिला असता, वाईट बॉन्डपट काय कमी आहेत का. ह्यात दोन फार मोठ्या गोष्टी हातात होत्या, एका माणसाचं दुःख आणि एका गावाची तहान, आणि दोन्हीपाशी तो थांबत नाही. मॅथिस मरतो, बॉन्ड त्याला क्षणभर धरतो आणि कचऱ्याच्या पेटीत टाकून निघतो. त्यात खूप काही होतं, मॅथिसला ह्याचं काही वाटलं नसतं असं बॉन्ड म्हणतो, पण ते आपल्यात उतरायच्या आत पुढचा सीन लागतो. फील्ड्स नावाची ती ब्रिटिश एजंट पोरगी तेलात माखून पलंगावर मेलेली सापडते, १९६४ च्या गोल्डफिंगरमधल्या सोन्याने मढवलेल्या मुलीची आठवण म्हणून. लोकांनी तेलाच्या मागे लागावं म्हणून तिला तेलात मारलंय. केवढी भयंकर गोष्ट आहे. बॉन्डची साहेब एम दोन वाक्यं बोलते आणि चला पुढे.

शेवटी वाळवंटात हॉटेल पेटतं, आणि बॉन्ड ग्रीनला मारत नाही. गाडीतून घेऊन जातो, ओसाडीत मधोमध उतरवतो आणि इंजिन ऑइलचा डबा त्याच्याकडे फेकतो. वीस मैल जाशील आणि मग हे प्यायचा विचार करशील, म्हणतो. हे मी बाबांना मराठीत सांगितलं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं केलं." इतक्या हळू म्हणाले की मी त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस, मुंगीला पाय लागू न देणारा.

त्यानंतर कझानमधला बर्फ, व्हेस्परला फसवणारा तो माणूस, बॉन्ड त्याला जिवंत सोडतो आणि तिची ती साखळी बर्फात टाकून चालू लागतो. हे छान आहे. बंदुकीच्या नळीचं ते नेहमीचं दृश्य, जे सुरुवातीला यायला पाहिजे, ते इथे शेवटी येतं, म्हणजे आता हा खरा बॉन्ड झाला. नावं सुरू झाली.

"संपला?" बाबा म्हणाले.

हो.

"गावाचं काय झालं मग?"

मी सांगितलं की ती कॅमिल जाता जाता म्हणाली ना, ती धरणं आता पाडायला लागतील, असं काहीतरी. एक वाक्य आहे. मी मागे घेऊन दाखवलं पण.

"कोण पाडणार? आन् कवा?"

मला काही सांगता आलं नाही. लॅपटॉप बंद केला. बाबा उठले, अंधारात चाचपडत मोरीत गेले, पिंपावरचं झाकण नीट बसलंय का ते हाताने बघितलं, त्यावर पाटा ठेवला, आणि येऊन बाजेवर आडवे झाले.